घरच्या घरी व्यवसायाचा व्हिडिओ: कोणत्या क्रमाने करायचा, कुठे चुकतो

आपल्या वस्तूचा किंवा सेवेचा छोटा व्हिडिओ घरीच करायचा ठरला की बहुतेक जण आधी फोन उचलतात. सुचेल तसं बोलतात, दहा-बारा टेक घेतात आणि संध्याकाळी एडिटिंगला बसल्यावर लक्षात येतं की आवाज घुमतोय, चेहरा काळवंडलाय आणि मुख्य मुद्दा बोलायचाच राहिलाय. मग त्यावर फिल्टर, संगीत, धावती अक्षरं असे थर चढतात. व्हिडिओ काही सुधारत नाही.

मी काही वर्षं छोट्या व्यावसायिकांना असे व्हिडिओ करायला मदत करते आहे. चुका जवळजवळ सगळ्यांच्या त्याच असतात आणि त्यांचं मूळ कामाच्या क्रमात असतं. स्क्रिप्टमधला पाल्हाळ कागदावर खोडायला दोन मिनिटं लागतात, शूट झाल्यावर तोच कापायला तास जातो. घुमणारा आवाज खोली बदलली की लगेच सुटतो, पण एकदा तसा रेकॉर्ड झाला की एडिटिंगमध्ये पूर्णपणे कधीच सुटत नाही. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. शूटसाठी फोन सहाव्या टप्प्याला हातात येतो, त्याआधी लागला तर फक्त आवाज तपासण्यापुरता. तोवर धीर धरा.

उदाहरण म्हणून कापडी पिशव्या शिवून विकणारी एक व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवू. तुमचं काम वेगळं असेल, पण टप्पे हेच राहतील.

## टप्पा १: एक माणूस, एक शंका, एक कृती

कागदावर तीन ओळी लिहा.

हा व्हिडिओ कोण बघणार आहे?
त्याची कोणती एक शंका किंवा अडचण यातून दूर होईल?
बघून झाल्यावर त्याने काय करायचं आहे?

पहिल्या ओळीत "सगळ्यांसाठी" लिहिलंत तर पुढचं काहीच ठरत नाही. पिशवीवालीने असं लिहिलं पाहिजे: "रोज जाड पुस्तकं घेऊन कॉलेजला जाणारी मुलगी. आधीच्या पिशवीचा बंद दोनदा उसवलाय, त्यामुळे कापडी पिशवीवर तिचा भरवसा नाही. तिने मेसेज करून रंग विचारावा." एवढं लिहिलं की व्हिडिओ जवळजवळ ठरलाच. बंद जिथे शिवलाय ती जागा जवळून दाखवायची आणि पिशवीत पुस्तकं भरून ती उचलून दाखवायची. आतला खिसा, चेन, अस्तर यांतलं काहीही या व्हिडिओत येणार नाही. त्यांचे व्हिडिओ वेगळे.

हे कापणं नवख्या माणसाला फार जड जातं. इतक्या मेहनतीने केलेली वस्तू, तिचं सगळं सांगावंसं वाटतं, आणि ते मला कळतं. पण एका मिनिटात सात गुण ऐकलेल्या माणसाला त्यातला एकही आठवत नाही.

शेवटच्या ओळीतही एकच कृती ठेवा. "फॉलो करा, शेअर करा, वेबसाइट बघा, फोन करा" अशी रांग लावली की बघणारा यांतलं काहीच करत नाही.

व्हिडिओ आडवा की उभा, हेही इथेच ठरवून टाका. फोनवर स्क्रोल करत बघितल्या जाणाऱ्या छोट्या व्हिडिओसाठी उभा, म्हणजे ९:१६ प्रमाण आणि १०८० × १९२० पिक्सेल. वेबसाइटवर किंवा यूट्यूबवर निवांत बघायच्या व्हिडिओसाठी आडवा, १६:९ प्रमाण आणि १९२० × १०८० पिक्सेल. "आडवा शूट करून नंतर उभा कापू" या भरवशावर राहू नका. आडव्या १०८०पी चित्रातून उभा तुकडा कापला की रुंदी जेमतेम ६०० पिक्सेल उरते, चित्र भुरकट दिसतं आणि हात-डोकं कडेला कापलं जातं.

तपासा: या तीन ओळी घरातल्या कुणाला वाचून दाखवा आणि "या व्हिडिओत काय दिसेल?" असं विचारा. त्यांना एखादं ठळक दृश्य सांगता आलं तर पुढे जा.

## टप्पा २: बोलायची स्क्रिप्ट

कागदाचे उभे दोन रकाने करा. डावीकडे "काय ऐकू येईल", उजवीकडे "काय दिसेल". डावीकडच्या प्रत्येक वाक्यासमोर उजवीकडे काहीतरी लिहिलेलं हवंच. उजव्या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी "मी बोलतेय" आलं, तर व्हिडिओची गरज आहे का, की नुसता मजकूर पुरेल, याचा विचार करा.

लिहायला बसलं की हात आपोआप जाहिरातीच्या मराठीकडे वळतो. एका पहिल्या खर्ड्यात असं वाक्य होतं:

"आमच्या पिशव्या अत्यंत मजबूत व टिकाऊ असून उत्कृष्ट दर्जाच्या कापडापासून बनवलेल्या आहेत."

यासमोर उजव्या रकान्यात काय लिहिणार? मजबुती दाखवता येईल असं या वाक्यात काहीच नाही. मग पिशवी हातात घेऊन नीट बघितली आणि वाक्य असं झालं:

"हा बंद पिशवीच्या काठाला नुसता जोडलेला नाहीये. तो आतून चार बोटं खाली नेलाय. तिथे टाक्यांचा चौकोन घातलाय आणि चौकोनात फुली मारलीये. ओढून बघा."

उजवीकडे: बंदाच्या शिवणीचा अगदी जवळचा शॉट, बोट चौकोनावरून फिरतंय, मग दोन्ही हातांनी बंद ओढला जातोय. "मजबूत" हा शब्द कुठेही आला नाही, आणि त्याची गरजही उरली नाही.

पहिलं वाक्य थेट शंकेवर यावं. "नमस्कार, माझं नाव अमुक, आज आपण बघणार आहोत" एवढं ऐकेपर्यंत बघणाऱ्याचं बोट पुढच्या व्हिडिओवर गेलेलं असतं. "या पिशवीत सहा जाड पुस्तकं आहेत" अशी सुरुवात करा आणि पिशवी उचला. नाव हवं असेल तर अक्षरांत दाखवा.

स्क्रिप्ट घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द बदला. "सदर", "उपलब्ध", "ग्राहकांच्या सोयीसाठी" असे शब्द तोंडात बसत नाहीत, ते सहसा इथेच गळतात. निवांत गतीने एका मिनिटात साधारण ११०-१२० शब्द बोलून होतात. पहिला व्हिडिओ मिनिटाच्या आतच ठेवा.

सावधान: जे दाखवता किंवा सिद्ध करता येत नाही ते बोलू नका. "आयुष्यभर टिकेल", "सर्वांत स्वस्त" अशा दाव्यांनी भरवसा कमी होतो आणि तक्रारीला जागा मिळते. ग्राहकाचे शब्द, फोटो किंवा आवाज वापरणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. मेसेजवरचा होकार जपून ठेवला तरी चालेल.

## टप्पा ३: शॉटची यादी

उजव्या रकान्यातून शॉटची वेगळी यादी काढा. ती स्क्रिप्टच्या क्रमाने न लावता जागेच्या क्रमाने लावा. टेबलावरचे सगळे शॉट एकत्र, चेहऱ्याचे सगळे एकत्र. नाहीतर ट्रायपॉड दहा वेळा हलतो आणि प्रत्येक वेळी प्रकाश थोडा वेगळा पडतो.

महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीचे तीन शॉट लिहा: दूरचा, मधला आणि जवळचा. बोलण्यातला एखादा शब्द कापला की चेहरा दचकल्यासारखा उडी मारतो. त्या जागी वर शिवणीचा किंवा हाताचा शॉट ठेवला की काप झाकला जातो. नवखे लोक हे शॉट फार कमी घेतात. तुम्हाला वाटतील त्याच्या दुप्पट घ्या.

## टप्पा ४: आवाज

चित्र जरा साधं असलं तरी लोक बघतात. आवाज नीट कळला नाही तर लगेच पुढे जातात. म्हणून शूटची खोली आवाजावरून निवडा, भिंतीच्या रंगावरून नाही.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे पत्र्यासारखी झणझण उमटली तर ती खोली घुमते. रिकामी बैठकीची खोली हमखास घुमते. गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपायची खोली बहुतेक वेळा चांगली ठरते. दुसरी खोली नसेल तर फ्रेमच्या बाहेर, तुमच्या समोर दोन खुर्च्यांवर जाड पांघरूण टाका आणि पायाखाली सतरंजी किंवा गालिचा घाला. पुन्हा टाळी वाजवून बघा, फरक स्पष्ट ऐकू येईल.

मग डोळे मिटून मिनिटभर नुसतं ऐका. पंखा, एसी, फ्रिज, बाहेरचा पंप, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आपल्या कानाला यांची सवय झालेली असते, मायक्रोफोनला नसते. बंद करता येतील ते बंद करा. फ्रिज बंद केलात तर रोज लागणारी एखादी वस्तू, उदाहरणार्थ घराची किल्ली, आत ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही.

आता मायक्रोफोनचं अंतर. हे एवढं नीट जमलं तरी साध्या फोनचा आवाज ऐकण्याजोगा होतो. मायक्रोफोन तोंडापासून दुप्पट दूर नेला की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. दोन मीटरवर ठेवलेल्या फोनमध्ये आवाज "बादलीतून आल्यासारखा" का येतो, त्याचं कारण हेच. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. तिथे कपड्याची घडी, साखळी किंवा मोकळे केस घासत नाहीत ना, ते मान हलवून बघा. कॉलर माइक नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यातलं ध्वनिमुद्रणाचं अॅप सुरू करा आणि फ्रेमच्या अगदी बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्ही आवाजांच्या आलेखात टाळीचा उंच सुळका दिसतो, ते सुळके एकावर एक बसवले की आवाज आणि चित्र जुळतं.

एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे. माइक नीट लावला होता, वायर फोनला जोडली होती, दुपारभर शूट झालं, आणि फोनने तो माइक घेतलाच नव्हता. सगळा आवाज तीन मीटरवरच्या फोनच्या स्वतःच्या माइकने टिपला होता. ती दुपार पुन्हा शूट करावी लागली. तेव्हापासून मी एक गोष्ट चुकवत नाही: रेकॉर्डिंग सुरू करून आधी कॉलर माइकवर नखाने दोनदा टकटक करायची, मग फोनवर दोनदा. ऐकताना पहिली टकटक मोठी आली तर माइक चालू आहे. दुसरी मोठी आली तर जोडणीत चूक आहे.

अॅपमध्ये आवाजाची पातळी दिसत असेल तर सर्वांत मोठ्या शब्दाला ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान जाऊ द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुरता दुरुस्त होत नाही. हळू आलेला आवाज एका मर्यादेपर्यंत वाढवता येतो.

तपासा: वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर खरखर आणि घुमारा कळतच नाही.

## टप्पा ५: प्रकाश आणि मागची जागा

घरात सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी. खिडकी पाठीमागे घेऊ नका, चेहरा काळा पडतो. तोंड खिडकीकडे करा आणि थोडं वळा, म्हणजे उजेड साधारण ४५ अंशांतून एका गालावर येईल. ऊन थेट पडत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा चादर लावा. दुसरा गाल फार काळोखा राहिला तर त्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, थर्मोकोलचा पांढरा तुकडा किंवा मोठा पुठ्ठा उभा करा.

खिडकीचा उजेड घेतला की खोलीतले दिवे बंद करा. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान (उजेड किती निळसर की पिवळसर याचं माप) साधारण ५५०० केल्विन असतं, पिवळसर बल्बचं २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की एक गाल निळसर आणि एक पिवळा दिसतो, आणि कोणत्याही फिल्टरने दोन्ही एकदम सरळ होत नाहीत. पिशवीचा खरा रंग कळणं हीच ग्राहकाची गरज असेल तर ही चूक फार महागात पडते. निळी पिशवी बघून मागवली आणि हिरवट आली, म्हणून ती परत येते.

रात्री शूट करायचं असेल तर एकाच रंगाचे दिवे वापरा आणि मुख्य दिवा चेहऱ्यावर न मारता शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो.

काही एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. ५० हर्ट्‌झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं टिपायची) २५ आणि शटर (प्रत्येक चित्रासाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा, सेकंदांत) १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्‌झची वीज असेल तिथे ३० आणि १/६०. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप वापरता येतं.

भिंतीला टेकून बसू नका. दीड-दोन मीटर पुढे या, सावली मागे पडत नाही. डोक्यातून रोपाची कुंडी किंवा पडद्याची दांडी उगवल्यासारखी दिसत नाही ना ते बघा. आणि मागची जागा एका अनोळखी माणसाच्या नजरेने बघा: पत्ता लिहिलेलं पार्सल, मुलांच्या शाळेचं ओळखपत्र, चालू असलेली स्क्रीन, आरशातलं प्रतिबिंब. हे सगळं फ्रेममधून काढा.

## टप्पा ६: आता फोन

इथे फार रेंगाळायचं नाही, यादीने जा.

१. लेन्स मऊ कापडाने पुसा. उजेडाभोवती दुधट धुकं दिसतं ते बहुतेक वेळा बोटाच्या ठशाचं असतं.
२. मागचा कॅमेरा वापरा. तो बहुतेक फोनमध्ये पुढच्यापेक्षा चांगला असतो.
३. १०८०पी ठेवा, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम यांतलं एक निवडा आणि सगळे शॉट त्यावरच घ्या. एका मिनिटाला फॉरमॅटनुसार ६० ते १३० एमबी जागा लागते असं धरून फोन रिकामा करा.
४. एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) बंद करा. एडिटिंगमध्ये त्याचे रंग अनेकदा धुपल्यासारखे किंवा भडक येतात.
५. चेहऱ्यावर किंवा वस्तूवर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड लॉक करा. नाहीतर हात हलला की चित्र उजळतं आणि मंदावतं.
६. एअरप्लेन मोड लावा. ब्लूटूथवर काही चालत असेल तर तेवढं परत चालू करा.
७. झूमला हात लावू नका. जवळचं हवं तर फोन जवळ न्या.

ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवा, पण लेन्स डोळ्यांच्या उंचीवर हवी. खालून घेतलेला चेहरा कुणालाच शोभत नाही. खुर्चीचे पाय आणि ट्रायपॉडचे पाय जिथे आहेत तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. उठून पाणी प्यायला गेलात तरी परत त्याच जागी बसता येतं.

## टप्पा ७: एका ओळीची चाचणी

हा टप्पा सगळे गाळतात. स्क्रिप्टमधली फक्त एक ओळ पूर्ण तयारीने शूट करा, तिचा एक जवळचा शॉट घ्या, दोन्ही एडिटिंगच्या अॅपमध्ये टाका आणि हेडफोन लावून बघा. फाइल उघडते का, रंग ठीक आहेत का, आवाज कुठल्या माइकचा आहे, चित्र आडवं झालंय का. पंधरा मिनिटं जातात. चूक निघाली तर ती एका ओळीपुरती असते.

## टप्पा ८: शूट

आधी बोलण्याचे शॉट घ्या, मग वस्तूचे. बोलून झाल्यावर कळतं की प्रत्यक्षात तोंडून काय आलं आणि त्याला कोणतं दृश्य लागणार आहे.

रेकॉर्ड दाबा, तीन सेकंद थांबा, बोला, पुन्हा तीन सेकंद थांबा, मग बंद करा. या मोकळ्या सेकंदांशिवाय कापायला जागा राहत नाही. शेवटच्या शब्दाबरोबर हात फोनकडे गेला तर तो शॉट फुकट.

सगळं पाठ करून एका दमात बोलायचा हट्ट सोडा. दोन वाक्यं बघा, मान वर करा, लेन्सकडे बघून बोला. अडखळलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका. श्वास घ्या आणि तेच वाक्य सुरुवातीपासून म्हणा. अर्ध्या वाक्यापासून जोडलं की आवाजाची चढण जुळत नाही आणि सांधा ऐकू येतो. वाक्य मनासारखं आलं की एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये चांगला टेक लगेच सापडतो.

नजर लेन्सवर ठेवा. स्क्रीनवर स्वतःकडे बघितलं की बघणाऱ्याला तुम्ही त्याच्या खांद्याकडे बघताय असं वाटतं. लेन्सजवळ कागदाचा छोटा बाण चिकटवा, मदत होते. आवाज रोजच्यापेक्षा किंचित उंच लावा, कारण कॅमेऱ्यातून नेहमीचा सूर थकलेला ऐकू येतो. प्रत्येक वाक्याचे तीन टेक पुरेत. सातव्या टेकनंतर चेहराच सांगतो की कंटाळा आलाय.

वस्तूचे शॉट स्थिर घ्या, प्रत्येकी किमान दहा सेकंद. हालचाल कॅमेऱ्याची नको, हाताची हवी आणि तीही नेहमीच्या निम्म्या वेगाने. जवळच्या शॉटमध्ये नखं, कापडावरचे धागे, बोटांचे डाग मोठे दिसतात, तेव्हा घेण्याआधी एकदा बघून घ्या. सगळं झाल्यावर तीस सेकंद कुणी न बोलता खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधली फट भरायला ती लागते.

तपासा, आणि मगच आवराआवर करा: यादीतल्या प्रत्येक शॉटसमोर खूण झाली का? प्रत्येक क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते का? फाइल्स केबलने संगणकावर आणि आणखी एका जागी उतरवल्या का? मेसेजिंग अॅपवरून पाठवू नका, ती व्हिडिओ दाबून लहान करतात आणि दर्जा जातो.

## टप्पा ९: एडिटिंग

सॉफ्टवेअरवरून अडू नका. फोनमधलं साधं एडिटर पुरतं. संगणकावर शॉटकट, केडेनलाइव्ह आणि डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. त्यापेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी फक्त बोलणं. चांगले टेक रांगेने लावा, अडखळणं कापा आणि डोळे मिटून ऐका. ऐकताना कंटाळा आला तर चित्र लावूनही येईल. अजून कापा.

मग दृश्यं. बोलण्यावर वस्तूचे शॉट ठेवा. शिवणीचा उल्लेख सुरू होण्याआधी क्षणभर शिवण दिसू द्या, नजर तयार होते.

मग आवाजाची पातळी आणि रंग. सगळी वाक्यं सारख्या आवाजात ऐकू यावीत. रंग वस्तू शेजारी ठेवून जुळवा, स्क्रीनवर छान दिसतो म्हणून वाढवू नका.

मग अक्षरं. अनेक जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून सबटायटल हवंच. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. आपोआप तयार झालेलं मराठी सबटायटल तसंच सोडू नका, नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात.

देवनागरीची एक वेगळी अडचण आहे आणि ती शेवटच्या क्षणी समोर येते. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. म्हणून सुरुवातीलाच "दुसऱ्या वर्षी स्त्रियांचे प्रश्न" एवढी ओळ टाइप करून बघा. "ऱ्या", "र्षी", "स्त्रि" नीट दिसले तर निर्धास्त राहा. फुटले तर मजकूर दुसऱ्या अॅपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी चित्र करून आणा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट व्यवसायासाठीही वापरता येतात. उभ्या व्हिडिओत खालच्या कडेला आणि उजवीकडे अॅपची बटणं येतात, तिथे अक्षरं ठेवू नका.

सर्वांत शेवटी संगीत. ते आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली ठेवा. हेडफोनवर "जरा कमीच वाटतंय" असं वाटलं की बहुधा बरोबर आहे. गाजलेली गाणी व्यवसायाच्या व्हिडिओत परवान्याशिवाय घेऊ नका. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला दिलेलं) घेत असाल तर परवाना वाचा: "एनसी" लिहिलेलं व्यवसायासाठी चालत नाही, "बीवाय" लिहिलेल्याचं श्रेय द्यावं लागतं.

सावधान: लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जात असतील तर फोनने बदलता फ्रेमरेट वापरलेला असू शकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने मूळ क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या आणि ती वापरा. तुकडे हाताने सरकवत बसू नका.

## टप्पा १०: एक्सपोर्ट आणि अपलोड

एक्सपोर्ट म्हणजे एडिटिंगमधून तयार व्हिडिओची फाइल काढणं. तिथे हे निवडा: एमपी४, एच.२६४, १०८०पी आणि शूटचाच फ्रेमरेट. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) ८ ते १२ एमबीपीएस पुरतो. तयार फाइल तीनदा बघा: फोनच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि आवाज बंद करून. मग या कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी एकदाच दाखवा आणि एवढंच विचारा: "तुला शेवटी काय करायला सांगितलं?" उत्तर पहिल्या टप्प्यातल्या तिसऱ्या ओळीशी जुळलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा शूट करा. जमिनीवरच्या खुणा अजून असतील तर ते दहा मिनिटांचं काम आहे.

यूट्यूबवर आधी "अनलिस्टेड" (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) टाकून लिंक स्वतःच्या फोनवर उघडा. तिथे चढल्यावर रंग किंवा सबटायटल बदललं का ते कळतं. आडव्या व्हिडिओचं थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) १२८० × ७२० पिक्सेलचं करा आणि त्यावर चार-पाच शब्दांहून जास्त लिहू नका. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत कृती लिहा: मेसेज कुठे करायचा, कशाबद्दल करायचा. आणि व्हिडिओ अशा दिवशी टाका, ज्या दिवशी आलेल्या मेसेजना उत्तर द्यायला तुम्ही मोकळे असाल.

आठवड्याने प्रेक्षक कुठे सोडून गेले याचा आलेख उघडा. पहिल्या तीन सेकंदांतच मोठी घसरण असेल तर दोष सुरुवातीच्या वाक्यात आणि दृश्यात आहे. मधे एका ठिकाणी एकदम खाली आला असेल तर नेमकी ती सेकंदं लावून बघा, बहुतेक वेळा तिथे तुम्ही दुसऱ्या मुद्द्याकडे वळलेले असता. ती जागा स्क्रिप्टच्या त्याच कागदावर लाल पेनाने खुणा करून ठेवा आणि पुढच्या व्हिडिओचे दोन रकाने आखताना तो कागद शेजारी घ्या.